लेकरं परिषदेला निघतात तेव्हा

आपल्या घरांत 'परिषद' हा शब्द नवा नाही. महाडची १९२७ ची परिषद आपल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. नागपुरात १८ ते २० जुलै १९४२ असे तीन दिवस अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली होती. त्यातच २० तारखेला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची वेगळी परिषद झाली. आपल्या बाया हजारोंनी त्या परिषदेला आल्या. 'बाईमाणसाचे तिथे काय काम?' असे त्यांनाही घरात, शेजारात कोणीतरी म्हटलेच असेल. तरी त्या आल्या, ऐकून गेल्या आणि घरी जाऊन त्यांनी पोरींना शाळेत घातले.

आता आपल्या घरांत एक निराळीच परिषद शिरू लागली आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी संध्याकाळी घरी येते आणि म्हणते, "बाबा, माझा पेपर सिलेक्ट झाला. कॉन्फरन्सला जायचे आहे." बाप दिवसभर गाडी ओढून आलेला असतो. तो विचारतो, "पेपर तर कॉलेजातच होतो ना? त्याच्यासाठी बंगालात कशाला जा लागते?" यात हसण्यासारखे काही नाही. त्याच्या आयुष्यात पेपर म्हणजे एक तर परीक्षेचा, नाही तर रोज सकाळी येणारा. तिसरा पेपर त्याला कोणी सांगितलाच नाही. म्हणून या आठवड्यात आपण या तिसऱ्या पेपराविषयी आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या परगावच्या प्रवासाविषयी बोलू.

पेपर म्हणजे परीक्षा नव्हे

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. अभियांत्रिकीतले आम्हाला ओ की ठो कळत नाही. पण फॉर्म, अर्ज, पत्रव्यवहार आणि हिशेब यांत आमची हयात चालली आहे, आणि परिषदेची अर्धी वाट याच गोष्टींतून जाते. त्यामुळे वस्तीतली पोरे आमच्याकडे कागद घेऊन येतात आणि त्यांच्याबरोबर आम्हीही चार गोष्टी शिकतो.

विद्यार्थ्यांची अभियांत्रिकी परिषद म्हणजे काय, तर निरनिराळ्या महाविद्यालयांतली मुले एखाद्या ठिकाणी जमतात आणि आपण केलेले काम एकमेकांना सांगतात. आधी पत्रक निघते. त्यात विषय दिलेले असतात. मुलाने आपल्या कामाचा दोन-अडीचशे शब्दांचा सारांश पाठवायचा. जाणकार तो वाचतात. पटला तर निवडीचे पत्र येते आणि मग पूर्ण लेख पाठवायचा. ठरलेल्या दिवशी तिथे जाऊन साधारण दहा मिनिटे बोलायचे आणि पुढची पाच मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यायची. काही मुलांना बोलण्याऐवजी भिंतीवर मोठा तक्ता लावून त्याच्याजवळ उभे राहायचे असते. येणारे-जाणारे तक्ता वाचतात आणि विचारतात. त्याला पोस्टर म्हणतात. बस, एवढेच. पण या 'एवढ्या'साठी वर्ष-सहा महिने राबावे लागते.

आणि हा मार्ग आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे कोणी समजू नये. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रापुढे भारतातील जातींवर एक निबंध वाचला गेला. वाचणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव भीमराव आंबेडकर होते. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या माणसांपुढे उभे राहून आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडायचे आणि प्रश्न झेलायचे, हेच ते काम. आपल्या घरातली पोरगी तक्ता गुंडाळून निघते तेव्हा ती याच वाटेने निघालेली असते.

राखेच्या विटा

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली तीन मुले खरगपूरला अशा एका परिषदेला गेली. दोन मुली आणि एक मुलगा. तिघेही सिव्हिलचे. सोबत महिला मंडळातल्या एक ताई आणि आम्ही होतो. त्या मुलांचे काम सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे आहेत. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे कोळसा जळाला की राखेचे डोंगर उरतात. ही राखड वाऱ्याने उडते, पाण्यात मिसळते, आजूबाजूच्या गावांच्या छातीत बसते. तिच्या विटा करता येतात. केंद्र सरकारने १९९९ मध्येच वीज केंद्रांच्या आसपास बांधकाम साहित्यात राख वापरण्याची अधिसूचना काढली. भट्टीच्या विटेला शेतातली वरची चांगली माती लागते, जाळायला कोळसा लागतो. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही. राख, सिमेंट किंवा चुना आणि दगडाची चुरी मिसळून साच्यात दाबायची आणि काही दिवस पाणी मारत राहायचे.

या तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रमाणांत अशा विटा केल्या आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली दाबून किती भार सोसतात ते पाहिले. आकडे चांगले आले. सारांश निवडला गेला. पोरे खुशीत होती.

जाण्याआधी महिनाभर आम्ही एक रिवाज ठेवला. दर रविवारी वंदना झाली की विहारातच मुलांनी उभे राहून आपला पेपर सांगायचा. पहिल्यांदा मराठीत आणि नंतर इंग्रजीत. ऐकायला कोण? तर वस्तीतल्याच बाया, म्हातारे, शाळेची पोरे. त्या दोन मुलींपैकी एकीची आई ऐन उमेदीची दहा वर्षे वीटभट्टीवर होती. ती मागे बसून ऐकत होती. पोरीचे बोलणे झाल्यावर म्हणाली, "माय, भार तर सोसते म्हणतेस, पण पावसात ठेवली तर पानी किती पेते? आमच्या भट्टीवर जी वीट जास्त पानी पे, तिले मालक बाजूला काढे."

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. ती चाचणी त्यांनी केलीच नव्हती. पुस्तकात ती आहे. वीट भट्टीत सुकवून वजन करायचे, चोवीस तास पाण्यात बुडवायची, पुन्हा वजन करायचे. वाढलेले वजन म्हणजे विटेने प्यालेले पाणी. भारतीय मानकाप्रमाणे साधारण विटेने आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. मुलांनी दुसऱ्याच दिवशी विटा बुडवल्या. तीनपैकी दोन प्रमाणे मर्यादेत बसली. तिसरे, ज्यात राख सगळ्यात जास्त होती आणि जे सगळ्यात स्वस्त पडत होते, ते मर्यादेबाहेर गेले.

मुलगा म्हणाला, "काका, हे तिसरे आपण काढूनच टाकू. दोन चांगली दाखवू." आम्ही काही बोलण्याआधीच भट्टीवाल्या बाईची पोरगी म्हणाली, "काढायचे नाही. स्वस्त म्हणून लोक तेच करतील आणि पावसाळ्यात भिंती ओल्या होतील. आपल्यासारख्यांच्याच घराच्या." तिघांनी रात्री बसून लेखात तो आकडा जसाच्या तसा घातला.

वाचकहो, आम्हाला त्या क्षणी इतकेच कळले की अभियांत्रिकी म्हणजे फक्त यंत्र नव्हे. कोणाचे घर बांधायचे आहे हे ज्याला आठवते तो चांगला अभियंता होतो. आणि आपल्या आयाबायांच्या हाताला जे ज्ञान आहे, ते पोरांच्या कागदावर यायला हवे असेल, तर पोरांनी आधी आपल्या माणसांसमोर बोलले पाहिजे.

एक हजार किलोमीटर

नागपूरहून खरगपूर हजार किलोमीटरच्या आसपास. गीतांजली एक्स्प्रेसने संध्याकाळी निघाले की गोंदिया, रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर करत गाडी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तिथे पोचते. वेळापत्रक बदलत असते, ते पाहून घ्यावे. या गाडीची एक गोष्ट मुलांना आम्ही मुद्दाम सांगितली. १९७७ साली आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली ती वर्गविहीन गाडी म्हणून. पहिला वर्ग नाही, दुसरा वर्ग नाही, सगळे प्रवासी सारखे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर मऊ गाद्या बसवण्याचा निर्णयही त्याच मंत्र्याचा. आज गीतांजलीला वातानुकूलित डबेही आहेत आणि आपण बसतो तो स्लीपरचाच डबा. पण आपल्या पाठीखालची गादी कोणाच्या विचारातून आली हे ठाऊक असलेले बरे.

खरगपूर हे नागपूरकरांना तसे परके नाही. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचे हे मोठे ठाणे. तिथे रेल्वेचा प्रचंड कारखाना आहे. रेल्वेमुळे तिथे तेलुगू बोलणारी वस्तीही पुष्कळ. फलाट तर असा लांब की २०१३ पर्यंत जगातला सगळ्यात लांब फलाट म्हणून त्याची ख्याती होती, एक हजार बहात्तर मीटरचा. आमच्या ताई सामान घेऊन चालता चालता म्हणाल्या, "भाऊ, हे स्टेशन आहे का वस्ती?"

अनोळखी शहराची भीती मुख्यतः दोन गोष्टींची असते. भाषा येत नाही आणि कोणी ओळखत नाही. भाषेचे म्हणाल तर तिकडेही रिक्षावाल्याला 'दादा' आणि बाईला 'दीदी' म्हटले की काम होते. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षेला तिकडे टोटो म्हणतात. बसण्याआधी भाडे विचारून घ्यावे, एवढे पुरे. खायला भात, डाळ आणि मासळी मिळते. मुरमुऱ्याला 'मुढी' म्हणतात आणि तिखट-कांदा घालून ती सकाळ-संध्याकाळ खातात. आपल्या पोरांना ते सगळे मानवले.

परिषद आटोपल्यावर अर्धा दिवस हाताशी होता. मुलांना घेऊन हिजलीची जुनी इमारत पाहायला गेलो. इंग्रजांनी १९३० मध्ये राजबंद्यांना डांबण्यासाठी ती वापरात आणली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथे निःशस्त्र कैद्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे ठार झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली त्याच तुरुंगाच्या इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. आज तिथे विज्ञानाचे संग्रहालय आहे. जिथे माणसे कोंडली जात होती तिथे मुले शिकू लागली, हे डोळ्यांनी पाहणे हासुद्धा एक धडाच आहे.

बंगालशी आपले आणखी एक नाते आहे आणि तेही पाण्याचे व अभियांत्रिकीचे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ३ जानेवारी १९४५ रोजी दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी कलकत्त्यात परिषद झाली. बंगाल, बिहार आणि केंद्र सरकारचे प्रतिनिधी आणि अभियंते तिथे जमले होते आणि बाबासाहेब त्यांच्यापुढे बोलले. पूर आवरणे, वीज, सिंचन, जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा हा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आपल्या घरांत बाबासाहेब वकील म्हणून, संविधानकार म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. धरणांच्या आणि विजेच्या कागदांवर झुकलेले बाबासाहेब आपल्या अभियंता पोरांना सांगितले पाहिजेत.

ती पंधरा मिनिटे

आमच्या मुलांचा नंबर दुपारी जेवणानंतर लागला. त्यांच्या आधी बोललेल्या मुलांचे इंग्रजी फाडफाड होते. आपली पोरगी उभी राहिली तेव्हा तिचा आवाज पहिल्या मिनिटाला खाली गेला. मग तिने तक्त्यावरच्या पहिल्या विटेच्या चित्राकडे बोट दाखवले आणि तिची गाडी सुरू झाली. वाक्ये छोटी होती. काही ठिकाणी व्याकरण घसरले असेल. पण आकडा चुकला नाही.

परीक्षकांपैकी एका वयस्कर प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न पाण्याचा विचारला. तिने तिन्ही आकडे सांगितले. त्यांनी विचारले, "तिसरे मिश्रण नापास झाले, तरी ते लेखात का ठेवले?" ती म्हणाली, "सर, ते सर्वांत स्वस्त आहे. लोक ते वापरतील. म्हणून सांगणे गरजेचे आहे." प्राध्यापकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, की उन्हात आणि पाण्यात आळीपाळीने ठेवून विटा तपासल्या का. तिने सरळ सांगितले, "नाही सर. ते काम अजून बाकी आहे."

बक्षीस आपल्या मुलांना मिळाले नाही. ते एका दुसऱ्या चमूला मिळाले आणि त्यांचे काम खरोखरच उजवे होते. पण सत्र संपल्यावर ते प्राध्यापक मुलांजवळ आले, पुढच्या तपासण्या कशा कराव्यात ते त्यांनी एका कागदावर लिहून दिले. तो कागद मुलांनी प्रमाणपत्रापेक्षा जपून आणला. येताना गाडीत तिघे त्याच्यावरच बोलत होते.

आम्हाला इथे आईबापांना एक गोष्ट सांगायची आहे. पोरगे परत आले की 'नंबर आला का?' हा पहिला प्रश्न विचारू नका. 'कोणी काय विचारले आणि तू काय सांगितलेस?' असे विचारा. परिषद ही शर्यत नाही. चार जाणत्या माणसांनी आपल्या कामातली उणीव दाखवावी, यासाठीच तर तिथे जायचे असते.

आडनाव आणि रँक

सगळीकडे असे गोड अनुभव येतात असे नाही. वस्तीतलाच एक मुलगा आधी दुसऱ्या एका परिषदेला गेला होता. ठिकाणाचे नाव घेत नाही. राहण्याच्या खोलीत पहिल्याच रात्री त्याला पूर्ण नाव विचारले गेले आणि मग 'रँक किती होती?' असे विचारून दोघे-तिघे हसले. पोरगा रात्रभर झोपला नाही आणि सकाळी अर्धवट बोलून खाली बसला. घरी आल्यावर त्याने आईला फक्त 'पेपर बरा झाला' एवढे सांगितले. खरी गोष्ट चार महिन्यांनी बाहेर आली.

मुलांना हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. रँक विचारणे हा जात विचारण्याचाच एक मार्ग असतो. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईने विद्यार्थ्यांना स्पष्ट कळवले की दुसऱ्याला प्रवेश परीक्षेतली रँक विचारणे योग्य नाही, कारण त्यातून जात काढून घेतली जाऊ शकते. म्हणजे ही आपल्या मनाची कल्पना नव्हे, एवढ्या मोठ्या संस्थेलाही ते लिहून काढावे लागले. असा प्रश्न आला तर भांडत बसू नये आणि खोटेही बोलू नये. 'मी इथे माझ्या कामावर बोलायला आलो आहे, त्याविषयी विचारा' एवढे शांतपणे म्हणावे. फारच त्रास झाला तर आयोजकांकडे लेखी द्यावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. मुख्य म्हणजे घरी सांगावे. जो मुलगा घरी सांगू शकतो तो खचत नाही. आईबापांनीही 'तू तिकडे लक्ष देऊ नको' म्हणून विषय संपवू नये. ऐकून घ्यावे.

अशा ठिकाणी शक्यतो दोघा-तिघांनी मिळून जावे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

फसव्या परिषदा

आता सावधगिरीची गोष्ट. परिषदेच्या नावाने धंदा करणारेही पुष्कळ निघाले आहेत. मोठे नाव असते, 'आंतरराष्ट्रीय' असे लिहिलेले असते, भाड्याच्या हॉलमध्ये किंवा नुसत्या मोबाइलच्या पडद्यावर कार्यक्रम असतो, पैसे भरले की प्रमाणपत्र हातात. गरिबाच्या घरातून पैसा गोळा करून अशा ठिकाणी मुले जातात आणि पुढे मुलाखतीत त्या कागदाला कोणी विचारत नाही. ओळखावे कसे?

सारांश पाठवल्यावर दोन दिवसांत, एकही प्रश्न न विचारता 'निवड झाली' असे कळवले, तर शंका घ्यावी. आधी पैसे, मग माहिती, असे असेल तर थांबावे. परिषद कोणती संस्था भरवते, निवड समितीत कोण आहेत, मागच्या वर्षी ती झाली होती का, हे मुलाने आपल्या शिक्षकांना दाखवून विचारावे. समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाचे नाव त्यांच्या महाविद्यालयाच्या यादीत आहे का ते पाहावे. पैसे खासगी माणसाच्या खात्यावर मागितले, तर मुळीच भरू नयेत. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या जुन्या संस्थेच्या विद्यार्थी शाखा अनेक महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या किंवा आपल्या विभागाच्या शिक्षकांमार्फत गेलेले केव्हाही चांगले. पहिली परिषद जवळच्या शहरातली असली तर खर्चही वाचतो आणि भीतीही मोडते.

कारकुनाची यादी

आमचा पेशा कागदाचा, म्हणून कागदांचे सांगून संपवतो.

निवडीचे पत्र आले की त्याच दिवशी महाविद्यालयात अर्ज द्यावा. हजेरीची सूट आणि परवानगीचे पत्र दोन्ही लेखी मागावे. प्रवासखर्च किंवा नोंदणी फी महाविद्यालय देते का ते विचारावे. काही ठिकाणी अशी तरतूद असते आणि आपली मुले संकोचाने विचारतच नाहीत. मागणे हा कमीपणा नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. तारीख कळताच तिकीट काढावे. विद्यार्थ्यांना घरी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी रेल्वेची सवलत आहे आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ती जास्त आहे. त्यासाठी महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. आपला प्रवास त्यात बसतो का, हे आरक्षण खिडकीवर आधी विचारावे. प्रवासात अडचण आली तर १३९ आणि तातडीचा प्रसंग असेल तर ११२, हे दोन नंबर आईच्या आणि मुलीच्या, दोघींच्याही फोनमध्ये असावेत.

राहण्याची सोय लेखी पक्की झाल्याशिवाय निघू नये. मुलींची व्यवस्था वेगळी आहे का आणि तिथे जबाबदार बाई कोण आहे, हे विचारून नाव-नंबर घरी लिहून ठेवावा. रात्री उशिरा पोचणारी गाडी टाळावी. ओळखपत्र, आधार, निवडीचे पत्र यांच्या दोन-दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. बोलण्याची फाइल दोन पेनड्राइव्हवर आणि ई-मेलवरही असावी, आणि तिची पीडीएफ प्रत जरूर करावी, म्हणजे तिथल्या संगणकावर अक्षरे बिघडत नाहीत. तक्ता गुंडाळून प्लॅस्टिकच्या नळीत न्यावा. आमच्या मुलांनी प्लंबरकडून पाइपाचा तुकडा मागून आणला, तो छान कामाला आला.

खर्चाचे म्हणाल तर तिकीट, नोंदणी, तक्ता छापणे आणि खाणे मिळून आमच्या मुलांचा माणशी खर्च चार हजारांच्या आत बसला. घर चालवणाऱ्या माणसाला चार हजार ही लहान रक्कम नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमच्या विहारात आता एक वेगळी पेटी ठेवली आहे. लग्नाच्या, वाढदिवसाच्या निमित्ताने जो तो आपल्या ऐपतीने टाकतो, कोणी पन्नास, कोणी शंभर. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहिला जातो. परिषदेला जाणाऱ्या मुलाला त्यातून मदत मिळते आणि अट एकच. परत आल्यावर त्याने विहारात उभे राहून, तिथे काय पाहिले आणि कोणी काय विचारले, ते सगळ्यांना मराठीत सांगायचे.

ज्या घरात मुलगी जायची म्हणते आणि आई 'तिथं तिचं कोन आहे?' म्हणून अडून बसते, त्या आईला आम्ही नावे ठेवणार नाही. तिची काळजी खरी आहे. तिला दटावू नका. तिला निवडीचे पत्र वाचून दाखवा, गाडी किती वाजता पोचते ते सांगा, राहण्याच्या जागेच्या बाईंशी फोनवर बोलायला द्या. आणि शक्य असेल तर जाण्याआधी पोरीचा पेपर तिला मराठीत ऐकवा. ती असा एखादा प्रश्न विचारेल, जो कोणत्याही परीक्षकाला सुचला नसेल.

आपल्या वस्तीत अशी परिषदेला निघालेली मुले असतील आणि कागदपत्रांची अडचण असेल, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. जमेल तेवढी मदत करू. आणि जे जाऊन आले आहेत त्यांनी आपले अनुभव चार ओळींत तरी लिहून पाठवावेत. मागून येणाऱ्या पोरांना तेवढीच वाट सोपी होईल.

जयभीम!